हरणाऱ्या संघाची माणसे

मराठी लेखकाने खेळाडूकडे पाठ फिरवली, असे कुणी म्हणणार नाही. कुस्तीच्या आखाड्यावर कथा लिहिल्या गेल्या, क्रिकेटवर तर ललितलेखांचे पीकच आले. परंतु जो स्वतः खेळत नाही, केवळ उन्हात उभा राहून पाहतो, आणि त्यातही जो बाहेरच्या जगाला नावानेही ठाऊक नसलेल्या एखाद्या संघाला आपला मानून वर्षानुवर्षे पाहत राहतो, त्या माणसाकडे आमच्या साहित्याचे लक्ष गेलेले दिसत नाही. बातमीत तो 'समर्थक' म्हणून येतो, तोही बहुधा दगडफेकीच्या बातमीत. चित्रपटात तो गर्दी म्हणून येतो. तो का येतो, संघ हरल्यावर घरी जाऊन दोन घास नीट जेवतो की नाही, पुढच्या सामन्याला पुन्हा कोणत्या आशेने निघतो, हे विचारण्याची आवश्यकता फारशी कुणाला वाटली नाही. या माणसाविषयी इंग्रजीत लिहिलेली दोन पुस्तके आणि आपल्याकडचा एक चित्रपट यांचा येथे विचार करावयाचा आहे. त्याचबरोबर कोल्हापूरचाही, कारण या विषयाचे घर महाराष्ट्रात कुठे असेल तर ते तेथे आहे.

कोल्हारच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. नावातील साम्य सोडले तर कोल्हारचे कोल्हापूरशी नाते नाही, आणि प्रवरेच्या या काठावर फुटबॉल हा कधी मुख्य खेळ नव्हता. आमच्या जिल्ह्याचा खेळ म्हणजे यात्रेतला कुस्त्यांचा हगामा. तरीही नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोणत्याही टपरीपाशी जमलेली पोरे पाहावीत. त्यांतल्या एकदोघांच्या अंगावर बार्सिलोना, माद्रिद नाहीतर मँचेस्टर यांची जर्सी असते. (आमच्या भागात जर्सी म्हटले की आधी गाय डोळ्यांपुढे येते, हे सोडा.) ही मुले ज्या संघासाठी रात्री जागतात, त्याचे मैदान त्यांनी पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाहीत. आम्हांला त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण दूरच्या विजेत्यावर जडलेले हे प्रेम आणि जवळच्या पराभूतावर जडलेले प्रेम या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांतला भेद कळण्यासाठी ही पुस्तके वाचावीत.

निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचे 'फीव्हर पिच' १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी क्रीडालेखनाच्या विल्यम हिल पुरस्काराचे मानकरी ठरले. आईवडील विभक्त झालेले. मुलाला भेटीच्या दिवशी कुठे न्यावे हा बापापुढचा प्रश्न. १९६८ च्या सप्टेंबरात अकरा वर्षांच्या निकला तो लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल आणि स्टोक यांचा सामना दाखवायला नेतो. तेथे जे जडते ते सुटत नाही. पुस्तकाची मांडणी सामन्यांच्या तारखांनी केली आहे. आपल्या उपासनेच्या वर्षात आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, पुनरुत्थानकाळ येतात आणि घरातली जन्ममरणे त्यांच्या आधाराने आठवतात, तसे या माणसाला आपले शिक्षण, प्रेमभंग, आजार हे सारे सामन्यांच्या आधाराने आठवते. त्याने टिपलेली सर्वांत खरी गोष्ट ही, की मैदानावर जमलेली माणसे आनंदात नव्हती. पैसे मोजून आत आलेली ती प्रौढ माणसे चिडलेली, कावलेली, स्वतःच्याच संघाला शिव्या देणारी होती, आणि तरीही पुढच्या शनिवारी ती येणारच होती. प्रेमाचा हा चेहरा लेखकाने प्रामाणिकपणे रेखाटला आहे.

पण आर्सेनल हा काही दुबळा संघ नव्हे. १९८९ साली तो इंग्लंडचा विजेता झाला, आणि पुस्तकाचा कळसाध्यायही तोच आहे. आमच्या दृष्टीने या पुस्तकातला अधिक बोलका भाग वेगळा आहे. हॉर्नबी वाढला मेडनहेड या गावी. त्या गावाचा स्वतःचा लहानसा संघ १८७१ पासून एकाच मैदानावर खेळत आला आहे. जवळच रेडिंग शहर, त्याचा संघ १९७२ साली चौथ्या श्रेणीत होता. त्या वर्षी आर्सेनल रेडिंगला खेळायला आले तेव्हा हा शाळकरी मुलगा रेडिंगच्या माणसांत उभा राहून आपण लंडनचे आहोत अशी थाप मारतो आणि पकडला जातो. लेखकाने प्रसंग विनोदाने सांगितला आहे, परंतु त्यात बोचणारे काही आहे. आपण जेथले आहोत तेथली लाज वाटणे आणि दूरच्या मोठ्या नावाचे होऊन जाणे, ही त्या थापेच्या मुळाशी असलेली भूक. आमच्या टपरीवरच्या जर्सीखालीही तीच नसेल कशावरून?

पुढे विद्यार्थी म्हणून केंब्रिजला असताना हॉर्नबीने तेथल्या केंब्रिज युनायटेड या लहान संघाशीही सूत जुळवले. या पानांत एक गमतीदार विधी आहे. साखरेचे उंदीर विकत घ्यायचे, दाताने त्यांचे डोके तोडायचे आणि धड रस्त्यावर येणाऱ्या मोटारींपुढे टाकायचे. म्हणजे संघ जिंकतो. एकदा तसे झाले होते एवढाच त्याचा आधार. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या वाचकाला साखरेची ही नासाडी पाहवणार नाही. पण नवस म्हणजे काय, हे मात्र त्याला कुणी समजावून सांगायला नको. या संघावरचे लेखकाचे प्रेम भाड्याच्या घरासारखे आहे: जिव्हाळ्याचे, पण मालकीचे नव्हे. याच केंब्रिज युनायटेडने १९८३-८४ च्या हंगामात लागोपाठ ३१ लीग सामने एकही विजय न मिळवता काढले. त्या एकतिसाव्या सामन्यालाही कुणीतरी आले होते. आम्हांला वाचायचे आहे ते त्या माणसाचे पुस्तक, आणि हॉर्नबीचे पुस्तक ते नाही. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस पुस्तकभर बिनचेहऱ्याचाच राहतो. निष्ठा ही एकट्याच्या मनाची व्याधी आहे असे या लेखकाला वाटते. ती चारचौघांत वाढते आणि चारचौघांच्या धाकाने टिकते, ही बाजू त्याच्या नजरेतून निसटली.

दुसरे पुस्तक अमेरिकन लेखक जो मॅकगिनिस यांचे, 'द मिरॅकल ऑफ कास्तेल दी सांग्रो', १९९९ सालचे. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातील डोंगरात हे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढीही भरणार नाही. या गावाचा संघ एकेक पायरी चढत १९९६ साली इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत जाऊन पोहोचला. त्या बढतीच्या निर्णायक सामन्यात प्रशिक्षकाने अगदी शेवटच्या क्षणी आपला गोलरक्षक बदलला. बाकावर बसलेला राखीव गडी केवळ पेनल्टी अडवण्यासाठी उतरला आणि त्याने अडवली. शीर्षकातला चमत्कार तो हाच. संघ वर गेला तेव्हा त्याचे मैदान त्या श्रेणीला पुरे पडेना. नवे बांधले, त्यात गावाच्या वस्तीहून अधिक माणसे बसतील एवढी जागा होती, आणि ते पुरे होईपर्यंत घरचे सामनेदेखील परगावी खेळावे लागले.

मॅकगिनिस हंगामभर त्या गावात जाऊन राहिले. खेळाडूंबरोबर एकाच खानावळीत जेवले, त्यांच्या बसमधून हिंडले, इटालियन शिकले. डिसेंबर १९९६ मध्ये संघाचे दोन तरुण खेळाडू मोटार अपघातात मरण पावले. सगळे गाव सुतकात बुडाल्याचे वर्णन करणारी पाने या पुस्तकातली सर्वोत्तम पाने आहेत. तेथे लेखक स्वतःला विसरतो. मृत खेळाडूंसाठी चर्चमध्ये एकत्र आलेले गाव आणि रविवारी मैदानावर एकत्र येणारे गाव एकच असते, हे त्याला उमगते, आणि परका असूनही तो त्यांच्यातला होऊन जातो.

मात्र शेवटी सगळे उलटते. संघ श्रेणीतून खाली जाण्याचे संकट टळते, हंगामाचा अखेरचा सामना तेवढा उरतो. प्रतिस्पर्धी बारी या संघाला वरच्या श्रेणीत जाण्यासाठी विजय हवा असतो, आणि तो त्यांना मिळतो. हा सामना ठरवून सोडण्यात आला, असा मॅकगिनिस यांचा उघड आरोप आहे. ते खेळाडूंवर संतापतात. ज्यांना त्यांनी भावासारखे मानले, त्यांच्याशी तेथेच त्यांचे बिनसते. पुस्तक या कडवटपणावर संपते.

अनेक समीक्षकांनी या शेवटाकडे लेखकाचा भाबडेपणा म्हणून पाहिले. आमचे मत वेगळे आहे. लबाडीला लबाडी म्हणणे यात भाबडे काही नाही, आणि 'इथे असेच चालते' हे उत्तर इटलीत काय किंवा आमच्या पंचायतीत काय, सारखेच पोकळ. मॅकगिनिस यांचा संताप न्याय्य आहे. खटकते ते हे, की तो संताप निरोपाचा आहे. त्यांना जाता येते. गावकऱ्याला जाता येत नाही. तो त्याच खेळाडूला उद्या बाजारात भेटणार असतो, पुढच्या हंगामात त्याच संघामागे उभा राहणार असतो. तो हंगाम कास्तेल दी सांग्रोला फार वाईट गेला. १९९८ साली संघ पुन्हा खाली उतरला. पुस्तक जेथे संपते तेथून गावकऱ्याची खरी परीक्षा सुरू होते, आणि नेमके तेवढे लिहायला लेखक तेथे नव्हता. नाकारून झाल्यावर पेत्राला सरोवराच्या काठी तीन वेळा प्रेमाविषयी विचारले गेले, अपराधाआधी नव्हे. ज्या भक्तीला अपराधानंतरचा प्रश्न ठाऊक नाही, ती अजून कोवळी आहे. एका कॅथलिक गावावरच्या पुस्तकात हा प्रश्न यायला हवा होता.

आता चित्रपटाविषयी, थोडक्यात. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे. भाषा हिंदी असली तरी दृष्टी मराठी मातीतली आहे. वस्तीची पोरे आणि भिंतीपलीकडच्या महाविद्यालयाचा संघ यांच्या सामन्यात, आपल्या पोरांसाठी ओरडणारी वस्ती जेव्हा पडद्यावर येते, तेव्हा मघा म्हटलेला पाहणारा माणूस प्रथमच खऱ्या अर्थाने दिसतो. पुढे चित्रपट खेळाडूंच्या मागे विमानतळापर्यंत जातो आणि वस्ती मागे राहते. दिग्दर्शकाला सांगायचे होते ते निराळे होते. त्यामुळे याला आम्ही उणीव म्हणत नाही.

कोल्हापुरात मात्र पाहणारा माणूस मागे राहत नाही. तेथे तोच पुढे असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार ही तेथल्या फुटबॉल संघांची नावे, आणि त्या प्रत्येक नावापुढे 'तालीम' हा शब्द आहे. या मुळात कुस्तीच्या तालमी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयामुळे पेठापेठांत त्या बळकट झाल्या, आणि पुढे फुटबॉल आला तो याच तालमींच्या अंगणात रुजला. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली शाहू स्टेडियमवर सामने होतात, छत्रपती घराण्याचा त्याला वारसा आहे, आणि ऐन उन्हाळ्याच्या दुपारी हजारो माणसे ते पाहायला येतात. देशात २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली. तिच्या झगमगाटात या तालमींना कोठेही स्थान नाही. देशाच्या फुटबॉलच्या उतरंडीत त्या अगदी तळाशी आहेत. अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला, परंतु तो झाला अपवाद. तालमीच्या बहुतेक खेळाडूंची कीर्ती पंचगंगेच्या पुलापाशी थांबते, आणि पेठेला तेवढी पुरते.

वर्तमानपत्रे अशा ठिकाणी एक ठरीव वाक्य लिहितात: फुटबॉल हा येथला धर्मच आहे. हे वाक्य आम्हांला नेहमी आळशीपणाचे वाटत आले आहे. फुटबॉल पापाची क्षमा करीत नाही आणि मेलेल्याला उठवीत नाही. धर्माशी नव्हे, तुलना करायचीच तर धर्मग्रामाशी करावी. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ५१८ वे कलम सांगते, की धर्मग्राम हा सर्वसाधारणपणे भूप्रदेशावर आधारलेला असावा. त्या हद्दीत राहणारे सारे श्रद्धावंत त्याचे. म्हणजे आपण धर्मग्राम निवडत नाही. प्रवचन चांगले मिळते म्हणून तो ठरत नाही. आपण जेथे राहतो तेथला तो, मग गायनमंडळ बेसूर असो वा छप्पर गळके. कोल्हापूरच्या पेठेत जन्मलेला मुलगाही तालीम निवडत नाही. दुसरी तालीम यंदा जोरात आहे म्हणून तो तिकडे गेला, तर घरी त्याला जेवायला वाढतील, पण बोलतील की नाही याची शंका आहे. धर्मगुरू आणि फुटबॉल यांचे नाते तसे जुनेच: गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी आणल्याचे सांगतात, आणि ग्लासगोचा सेल्टिक हा संघ ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ साली गरिबांच्या पोटासाठी चर्चच्या सभागृहातच स्थापन केला. परंतु महत्त्व संस्थापकाला नाही, हद्दीला आहे. लंडनच्या विम्बल्डन संघाला २००२ साली सुमारे ९० किलोमीटर दूरच्या नव्या शहरात हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा खेळाडू, नाव, श्रेणी सारे गमावून बसलेल्या समर्थकांनी काही आठवड्यांतच नवा संघ उभारला. सार्वजनिक माळावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले आणि नवव्या श्रेणीपासून आरंभ केला. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून तो व्यावसायिक लीगमध्ये परतला. जिंकण्याची हौस असती तर त्यांना मोठ्या शहरात संघ काय कमी होते?

या हद्दीच्या प्रेमाला काळी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे समीक्षेला शोभणारे नाही. कोल्हापुरात मैदानावरची ईर्ष्या प्रेक्षकांच्या कठड्यावर चढते, दगड भिरकावले जातात, सामने थांबतात, पोलिसांना धावावे लागते. आई-बहिणीवरून दिलेल्या घोषणा ऐकून पोराला घेऊन आलेला बाप अर्ध्या वेळात उठून जातो. पुढाऱ्यांच्या नावांचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या, आफ्रिकेतून खेळाडू आणले गेले, आणि पेठेचा संघ पेठेचा किती उरला हा प्रश्न जुन्या माणसांना पडू लागला. जवळच्यावर प्रेम करणारा जवळच्याच दुसऱ्याचा द्वेष करू लागतो. बार्सिलोनाची जर्सी घातलेला आमचा पोरगा निदान माद्रिदवाल्याचे डोके फोडत नाही, असे कुणी म्हटले तर त्यावर आमच्यापाशी चटकन देण्याजोगे उत्तर नाही. धर्मग्रामातही हे असतेच. बँडच्या हिशेबावरून आणि सणाच्या वर्गणीवरून दोन दोन पिढ्या न बोललेली घराणी कोणत्या गावात नाहीत?

तरीही दूरच्या भक्तीकडे आम्ही निर्धास्त मनाने पाहू शकत नाही, कारण तिने आमच्याही दारात पाऊल टाकले आहे. आमचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली झाला. या जिल्ह्यातले धर्मग्राम विखुरलेले, एका धर्मगुरूकडे अनेक वाड्यावस्त्या. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला लाखांनी माणसे लोटतात. वेलंकणीची गाडी भरून जाते. मुरिंगूरचे प्रवचन मोबाईलवर घरोघरी ऐकू येते. या साऱ्यात श्रद्धा आहे, ती आम्ही नाकारीत नाही. पण त्याच घरांतील किती माणसे पुढच्या रविवारी गावच्या चर्चमधल्या साध्या मिस्सेला येतात? पिंपरी-चिंचवडला नोकरीसाठी गेलेल्या मुलाला आपल्या धर्मग्रामाची आठवण लग्न ठरले आणि बाप्तिस्म्याचा दाखला हवा झाला म्हणजे होते. मतमाउली आपल्याकडे वर्गणी मागत नाही, वेलंकणीत आपला चुलत भाऊ समितीवर नसतो. दूरच्या मंदिरात आपल्याला कुणी ओळखत नाही, म्हणून तेथे हात जोडणे सोपे जाते. गावच्या चर्चमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने बांध कोरलेला असतो, आणि शांतीची खूण करायला हात त्याच्याकडेच न्यावा लागतो.

तालमीचा माणूस या बाबतीत आमच्यापुढे गेला आहे. त्याच्या संघाचा बचावपटू सकाळी त्याला दूध घालतो, गोलरक्षकाने उसने पैसे परत केलेले नसतात, आणि दुपारी दोघांसाठी त्याला घसा बसेपर्यंत ओरडायचे असते. हॉर्नबीला हे ठाऊक नव्हते. मॅकगिनिस यांना ते एका हंगामापुरते ठाऊक झाले. आपल्या मराठीत हे पुस्तक लिहिले जायचे असेल तर ते कोल्हापूरच्या एखाद्या पेठेतूनच यावे लागेल. ते लिहिणाऱ्याला परदेशी मैदाने पाहिलेली असण्याचे कारण नाही. पेठेतून शाहू स्टेडियमकडे जाणारे सगळे बोळ, कोणत्या वर्षी कोणी पेनल्टी दवडली, आणि ती दवडणारा आज कोणत्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, एवढे त्याला पाठ असले म्हणजे झाले.